पडद्याकडे पाठ

ट्रायल शोला मी अनोळखी माणसांच्या जागी माझं अख्खं गाव आणून बसवलं.

सिनेमाच्या धंद्यात नसलेल्याला यात चूक काय ते चटकन कळायचं नाही. लग्नाला गाव बोलावतो, पूजेला बोलावतो, मग सिनेमाला बोलावलं तर काय बिघडलं? तर ट्रायल शो म्हणजे सिनेमा लागायच्या आधी तो अशा माणसांना फुकट दाखवायचा, ज्यांचं आपल्याशी काही देणंघेणं नाही, आणि त्यांच्या तोंडांकडे बघत बसायचं. कुठे जांभया येतात, कुठे मोबाईल निघतात, कुठे शिट्टी पडते. साखर तपासायला स्वतःच्या जागी शेजाऱ्याचं रक्त नेऊन द्यावं, तसा मी प्रकार केला. आणि शेजारी निवडताना तो चांगला पैलवान आहे ना, एवढं मात्र नीट बघून घेतलं.

शो ठरवला होता आमच्या निर्मात्यांनी. त्यांना सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणतो. शेठना कथा ऐकताना डुलकी लागते, पण थेटरात कुणी खोकलं तर तो सर्दीचा खोकला की कंटाळ्याचा, हे त्यांना मागच्या रांगेत बसून कळतं. त्या कानांवर त्यांनी आयुष्य काढलंय.

"मुंबईत नको," ते मला म्हणाले. "मुंबईची पब्लिक फुकटमध्ये पण शहाणपणा करते. तुमच्या अलिबागला करू. बाजारातून, एसटी स्टँडवरून माणसं उचला. ओळखीचा एक पण नको. लास्टची फाइट पब्लिकने उचलली, तर पार्ट टू तुमचा. नाही उचलली, तर डिरेक्शनला माझ्याकडे दुसरा मुलगा तयार आहे."

तो दुसरा मुलगा मी पाहिला होता. शेठच्या ऑफिसात बाहेरच्या सोफ्यावर बसलेला असायचा. मांडी हलवत नव्हता, मोबाईल बघत नव्हता, भिंतीवरचं घड्याळही बघत नव्हता. नुसता बसायचा. त्याने काय सिनेमे केलेत ते मला आजही ठाऊक नाही, पण माणूस इतका शांत बसू शकतो याचीच मला धास्ती बसली.

कारण मी बसू शकत नाही. घरी जेवतानाही माझा एक पाय टेबलाखाली चालतच असतो, आणि स्वतःचा सिनेमा लागला की दोन्ही. थेटरात मी या दारापासून त्या दारापर्यंत फेऱ्या मारतो, मशीनवाल्याच्या खोलीत डोकावतो, पाणी पितो, पुन्हा दाराशी येतो. मध्यंतरात पुरुषांच्या मुतारीत गरजेपेक्षा बराच जास्त वेळ उभा राहतो, कारण सिनेमाची खरी परीक्षणं तिथेच ऐकायला मिळतात. पेपरात लिहिणारा चार ओळी विचार करून लिहितो. तिथे भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही.

माझी कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच आहे.

पहिला सिनेमा मी हौसेने केला. त्यात एक म्हातारा कोळी जाळं विणतो. सव्वा तास विणतो. मध्ये एकदा उठून पाणी पितो. बाहेरगावच्या कुठल्याशा महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अलिबागला दाखवला तेव्हा शेवटी दिवे लागले आणि पुढच्या रांगेतला एक होडीवाला तांडेल आळस देत म्हणाला, "एवढ्या येळात माजं जालं इनून व्हऊन त्यात मासळी पन आली असती."

दुसरा सिनेमा अपघाताने आला. शेठच्या मारामारीच्या सिनेमाचा ठरलेला दिग्दर्शक हीरोशी भांडून निघून गेला, आणि सगळं युनिट उभं असताना कॅमेऱ्यामागे कुणीतरी हवं होतं. मी त्या वेळी सहायक होतो आणि सगळ्यात जवळ उभा होतो, एवढीच माझी लायकी. तो लागला तेव्हा पनवेलच्या एका थेटरात मी दाराशी उभा होतो. पडद्यावर जीपचं दार उघडलं आणि हीरोचा बूट जमिनीवर आला. नुसता बूट. अजून माणूस दिसला नव्हता, आणि थेटर फुटलं. शिट्ट्या, किंकाळ्या, फाडलेल्या कागदांचा पाऊस. चार जण शर्ट काढून पडद्याखाली नाचायला लागले. तो आवाज माझ्या पायांतून वर आला. म्हाताऱ्याने सव्वा तास जाळं विणून जे झालं नव्हतं, ते एका बुटाने केलं होतं. त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

मग मला सगळीकडे बूट दिसायला लागले. नातेवाइकांच्या हळदीला गेलो की मांडवात गाडी कुठून घुसवता येईल ते बघायचो. मांडव्याच्या जेट्टीवर कुटुंबं बोटीची वाट बघत असायची आणि मी मनातल्या मनात जेट्टी उडवत असायचो. तिसऱ्या सिनेमात मी जे जे उडवण्यासारखं होतं ते सगळं उडवलं. पहिल्या दिवशी दाराशी उभा राहिलो, तर पडद्यावर अख्खा पूल कोसळत होता आणि खाली अंधारात एकेक मोबाईल पेटत चालला होता. दुरून बघणाऱ्याला काजवे वाटले असते. सुंदर दिसत होतं ते. माझ्या सिनेमात त्याहून सुंदर काही नव्हतं.

म्हणून हा चौथा. आणि म्हणून गाव.

आमचं गाव नागावच्या पलीकडे, किनाऱ्याला. घराणं दर्यावर जाणाऱ्यांचं. फक्त माझे वडील कोर्टात कारकून झाले आणि मी मांडव्याच्या लाँचमध्येही ओकतो. पण माझ्या आत्याचं घर अजून मासळीच्या धंद्यात आहे. चौथ्या सिनेमाची शेवटची मारामारी समुद्रावर घ्यायची ठरली, तेव्हा मी छाती पुढे काढून शेठना सांगितलं होतं, "काळजी नको, समुद्र आपल्या घरचाच आहे."

आत्याची एक जुनी लाकडी होडी माडांखाली निवांत उभी असायची. आतोबा होते तोवर ती चालली. ते गेल्यावर घरात नवी, मोठ्या इंजिनाची बोट आली आणि ही वर ओढून ठेवली ती ठेवलीच. मोडायला काढावी असं सगळे म्हणत होते. आत्या दर नारळी पुनवेला तिला नारळ द्यायची आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलायची. मी ती व्हिलनसाठी मागितली. आत्या म्हणाली, "ने. पन मला ती हाय तशी परत आनून दे." मी आणून दिली. नवा रंग देऊन आणून दिली. व्हिलनची होडी म्हणून काळीकुट्ट न करता मी तिचा निळा-पिवळा रंग, पुढच्या टोकाला, नाळेवर, रंगवलेले डोळे, सगळं तसंच ठेवलं होतं. खरेपणा यावा म्हणून.

आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, बर्फाचा टेम्पो चालवतो आणि किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतींत आजूबाजूच्या चार गावांत त्याला ओळखतात. मुंबईहून आणलेले मारामारीवाले होडीत उभे राहीनात. माझ्यासारखेच कठड्याला वाकलेले. म्हणून व्हिलनच्या गुंडांमध्ये मी त्याला घातलं. पांढरी बनियन, गळ्यात रुमाल, एक वाक्य नाही. काम एवढंच, की व्हिलनच्या मागे उभं राहायचं आणि शेवटी हीरोचा ठोसा खाऊन पाण्यात पडायचं.

तर, ट्रायलच्या आदल्या आठवड्यात मी एसटी स्टँडवर माणसं उचलायला खरोखर गेलो होतो. तिथे एका गृहस्थांना विचारलं, फुकट सिनेमा बघणार का. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. दुसऱ्याने विचारलं, "नंतर काय घ्यायला लावनार?" तिसरी एक कॉलेजची मुलगी होती. ती म्हणाली, "कुणाचा आहे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, त्याचा," आणि बस नसताना बसकडे गेली.

तिथून मी सरळ गावात आत्याच्या ओटीवर गेलो.

"आत्या, थेटरभर माणसं पाहिजेत. पण माझी ओळख दाखवायची नाही. शेठला कळता कामा नये."

"म्हंजे तू आमाला वळखायचा न्हाईस?"

"मी तुम्हाला नाही, तुम्ही मला नाही."

"मग त्यात नवीन काय हाय," आत्या म्हणाली. "मुंबैला गेल्यापासनं तेच चाललंय." पण गाव गोळा तिनेच केलं.

शोच्या दिवशी सकाळी शेठ मांडव्याला उतरून गाडीने आले. थेटरच्या आवारात तिसऱ्या फेरीला आलेला आतेभावाचा टेम्पो, मागे दोन सहा आसनी रिक्षा, आणि त्यांतून उतरणारं गाव. बायका सकाळचा बाजार अर्धा टाकून आल्या होत्या, म्हणजे मासळीच्या पाट्याही सोबत. पाट्या दाराशी एकीवर एक रचल्या गेल्या आणि वास आत, एसीच्या वाऱ्यावर, पार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. शेठ कांदासुद्धा न खाणारे. त्यांनी नाकाला रुमाल लावला, पण डोळे चमकले.

"पब्लिक एकदम असली आणलीत," ते रुमालातून म्हणाले.

गावाने ओळख न दाखवण्याचं काम इतकं मनावर घेतलं होतं की मीच क्षणभर फसलो. ज्यांच्या अंगाखांद्यावर मी वाढलो ती माणसं माझ्या शेजारून छपराकडे बघत गेली. आत्या माझ्यासमोर थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "अवो भाऊ, सिनेमाचं थेटर ह्येच का?" तिच्या डोक्याच्या अगदी वर, भिंतीवर सिनेमाचं हातभर पोस्टर होतं.

मी आणि शेठ शेवटच्या रांगेत बसलो. मला दाराशी उभं राहायचं होतं, पण शेठनी मनगट धरून खाली बसवलं. दिवे गेले.

सुरुवात मुंबईत आहे. गाड्या, काचा, गोळ्या. थेटर शांत. हीरोचं येणं मी पावसात घेतलंय: पहिल्यांदा बूट, मग हात, मग चष्म्याच्या काचेत उलटं शहर. या एका बुटासाठी मी किती रात्री तळमळलोय ते माझ्या घरच्यांना विचारा. बूट आला. गाव बघत राहिलं. कुणीतरी शेंग फोडली. माझा पाय सुटला, शेठनी गुडघ्यावर हात ठेवला.

मग गोदामाचं दृश्य आलं. व्हिलन बोलतोय, आणि त्याच्या मागे, जरा धूसर, पांढऱ्या बनियनमध्ये एक माणूस खोका उचलून ठेवतोय.

थेटर फुटलं.

शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर थापा. पनवेलला ऐकला होता तसाच, त्याहून मोठा. व्हिलन काय बोलला ते कुणाच्या बापाला ऐकू आलं नाही. बनियनवाल्याने खोका ठेवला, पुन्हा टाळ्या. त्याने नाक खाजवलं. ते चुकून राहिलं होतं, कापायला हवं होतं. त्यावर तर बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. स्वतः आतेभाऊ पुढच्या रांगेत मान खाली घालून, अनोळखी माणसासारखा बसला होता.

शेठनी रुमाल खाली घेतला. "हा कोण मुलगा?"

"लोकल कुणीतरी आहे," मी म्हणालो.

"डायलॉग नाही, क्लोज-अप नाही, आणि पब्लिक पागल." त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. "तुम्ही मुद्दाम पाठीमागे ठेवला ना? भूक वाढवायला?"

मी मंद हसलो. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतंच असं नाही.

मध्यंतरापर्यंत हेच चाललं. हीरोने बनियनवाल्याला ढकललं की "हूं" असा नाराजीचा आवाज यायचा, बनियनवाल्याने हीरोला ढकललं की शिट्ट्या. मध्यंतरात मी सवयीने मुतारीत गेलो. भिंतीला ओळीने गाव उभं. मला बघताच सगळ्यांना ठरलेलं आठवलं आणि एकदम मौन पडलं. मोकळं व्हायला आलेली माणसं अशी तोंड दाबून उभी की मला आपणच परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. शेवटी आतेभावाला राहवेना.

"दादा," तो म्हणाला, मग सावरून, "म्हंजे, ओ सायब. टाइम काय झाला?"

मध्यंतरानंतर थेटर शांत झालं. एकही मोबाईल पेटला नाही, कुणी उठलं नाही, खोकला नाही. शेठ हळूच म्हणाले, "पकडलंय पब्लिकला." मला हायसं वाटलं, म्हणजे मला वाटतं तेवढं. माझे पाय थांबले होते. पार्ट टूचं पहिलं दृश्य मनात येऊन बसलं होतं आणि सोफ्यावरचा तो मुलगा उठून घरी जाताना मला दिसत होता.

मग शेवटची मारामारी. संध्याकाळचा समुद्र, निळी-पिवळी होडी, तिच्यावर व्हिलन आणि बनियनवाला. हीरो जेटस्कीवरून उडी मारून होडीवर. शांत थेटरात हळूहळू कुजबूज: "आत्याची रं." "व्हय, तीच." बनियनवाला ठोसा खाऊन पाण्यात पडला, तर मधल्या रांगेतून कुणीतरी बाकीच्यांना धीर दिला, "त्याला काय व्हतंय. तो रेवसपरेंत पोहत जाईल." हशा. शेठही हसले, न कळता.

मग हीरोने डिझेलच्या पिंपावर मशाल टाकली आणि होडी पेटली.

आग खोटी होती. अंधेरीतल्या एका थंडगार खोलीत पोरांनी ती कम्प्युटरवर महिनाभर खपून बनवली होती, आणि बनवताना त्यांनी काही कमी केलं नव्हतं. शीड पेटलं, कठडा पेटला, मग ज्वाळा नाळेपर्यंत आल्या आणि रंगवलेले डोळे एकेक करून काळे पडायला लागले. हे मी आत्याला सांगितलं नव्हतं. थेटरात बघून चकित होईल, असं मला वाटलं होतं.

आत्या उठली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडे होडी मोडायला काढली की घरची बाई तिला हळदकुंकू लावते, नारळ देते, आणि मोडणाऱ्याने पहार उचलली की घरचे सगळे तिच्याकडे पाठ करतात. काम संपेपर्यंत कुणी वळायचं नाही. जिने पोसलं तिचं मरण बघायचं नाही, बाकी त्यात काही मंत्रबिंत्र नाही. लहानपणी एकदा शेजारची होडी मोडताना मी बोटांच्या फटीतून मागे बघितलं होतं आणि याच आत्याने माझा कान पिळला होता. पण हे सगळं किनाऱ्यावरचं. सिनेमात तेच लागू होईल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी दिग्दर्शक ना.

आत्याच्या शेजारच्या बायका उठल्या, वळल्या. मग त्यांच्या मागची रांग, मग पुरुष, मग टोप्या काढून म्हातारे. खुर्च्या खाडखाड मिटत गेल्या आणि बघता बघता अख्खं थेटर पडद्याकडे पाठ करून उभं राहिलं. म्हणजे आमच्याकडे तोंड करून. शेवटच्या रांगेत मी आणि शेठ, आणि समोर आगीच्या उजेडात कडांनी लाल झालेलं सगळं गाव, हात जोडून, खाली बघत. पडद्यावर हीरो काहीतरी ओरडत होता. त्याच्याकडे बघणारे आम्ही दोघेच उरलो होतो, आणि आम्हीही बघत नव्हतो.

"ये लोग उलटे क्यूं हो गये?" शेठ कुजबुजले. रागाने नाही. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. त्यांनी चप्पल काढल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं.

आता इथे मी गप्प बसलो असतो, तर. पण बसणं मला कधी जमलंय? मला दिसलं ते एवढंच, की माझ्या शेवटच्या मारामारीकडे कुणी बघत नाहीये आणि पार्ट टू चाललाय. मी उठलो, मधल्या वाटेने अंधारात धावत सुटलो, एका पाटीला अडखळलो, आणि आत्यासमोर जाऊन कळवळून ओरडलो, "अगं आत्या, खोटी आग हाय ती. कम्प्युटरची हाय. आपली होडी घरी हाय, माडाखाली."

आत्याने खाली बघतच, ओठ न हलवता मला सांगितलं, "आमी वळखत न्हाय तुला. जा."

पण बाकीच्या गावाला एकदम कंठ फुटला. "कम्प्युटरची?" "म्हंजे जळली न्हाय?" "मी सकाळीच पायली की, हाय तिथंच हाय." माणसं पुन्हा पडद्याकडे वळली, कुणी हसलं, कुणी शिवी दिली, आणि जो उरलेला सिनेमा होता तो लग्नाच्या पंगतीतल्या गोंगाटात संपून गेला. आतेभावाने उभं राहून मला विचारलं, "दादा, आता वळखलं तर चाललं का?"

दिवे लागले. शेठ चपला घालत होते.

बाहेर गाव वडापाव खात होतं. शेठनी आतेभावाला बाजूला घेतलं, त्याचे दंड चाचपले, बैल पळवतोस का म्हणून विचारलं, नंबर घेतला. मला गाडीत बसायची खूण केली. मांडव्यापर्यंत मी बोलत राहिलो: प्रेक्षक चुकीचे होते, शो पुन्हा करू, पनवेलला करू, आग काढून टाकू, हीरोला पाण्यात लढवू. शेठ खिडकीतून सुपारीच्या बागा बघत होते. जेट्टीवर उतरल्यावर ते थांबले.

"गाव आणलंस, ठीक आहे," ते म्हणाले. मला एकेरीत बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "मी पण माझ्या पहिल्या पिक्चरला सासरवाडी भरली होती. पण भाई, इतकी वर्षं मी पिक्चर बनवतो. शिट्टी पाहिली, डान्स पाहिला. थेटर भरून माणसं उभी राहून पडद्याला मानताना पाहिली नव्हती. तुझ्या पिक्चरमध्ये आज ते झालं. आणि तू धावत जाऊन सांगितलंस, खोटं आहे." "ते सांगायचं काम दुनिया करते ना. तू कशाला?"

"पार्ट टू?" मी विचारलं. काय विचारायचं ते मला त्याही वेळी कळलं नाही.

"होणार. आग तशीच ठेवणार. तुझा भाऊ पाण्यातून जिवंत बाहेर येणार, तिथून स्टोरी चालू." बोट लागत होती. "तो दुसरा मुलगा करेल. तो बसतो."

ते गेले. मी जेट्टीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बटाट्याचे वेफर्स घेतले आणि न खाता कुणाला तरी देऊन टाकले. जेट्टी उडवावीशी मात्र वाटली नाही. मग मिळेल त्या रिक्षाने गावात आलो.

दुपार कलली होती. आत्या माडाखाली होती. होडीवरचं प्लास्टिक बाजूला करून ती कठड्यावरून हात फिरवत होती, नाळेवरच्या डोळ्यांपाशी थांबत होती, जसं तापातून उठलेल्या पोराचं कपाळ बघतात. मला बघून तिने हात काढून घेतला.

मला तिची माफी मागायची होती. निदान निघालो तेव्हा तसं ठरवलं होतं. पण तोंडातून भलतंच आलं.

"माझा पुढचा सिनेमा गेला, आत्या. एवढी शेवटची मारामारी बघितली असती तर काय झालं असतं? मध्यंतरानंतर कसं छान चाललं होतं. कुणी हललं नव्हतं. शेठसुद्धा म्हणाले, पकडलंय पब्लिकला. सगळे कसे गुंग होऊन बघत होते."

आत्याने प्लास्टिक पुन्हा होडीवर ओढलं, दोरी घट्ट केली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"बगत व्हते कोन?" ती म्हणाली. "इंजिनाच्या आवाजात झोपनारी मानसं आमी. सगली झोपली व्हती, मी पन. कुनीतरी होडीचं नाव घेतलं म्हनून जाग आली, न्हायतर तुजा सिनेमा सपल्यावर पन आमाला तूच उटवायला आला असतास."